इंग्रजीची गंमत : सोमवारी की दर सोमवारी?

मुलांनो, मराठीत 'सोमवार'च्या 'र'ला दुसरी वेलांटी दिली की झालं 'सोमवारी'! इंग्रजीत मात्र वाराच्या आधी 'ऑन' लावावा लागतो. 'ऑन मंडे'. 'इन मंडे' नाही आणि 'ॲट मंडे'ही नाही.

'सकाळी' म्हणजे 'इन द मॉर्निंग', हे तुम्हांला ठाऊक आहे. मग 'सोमवारी सकाळी' कसं म्हणाल? 'ऑन मंडे मॉर्निंग'! वार आला की 'इन द' पळालं.

आणि 'पुढच्या सोमवारी'? इथे 'ऑन'लाही सुट्टी. नुसतं 'नेक्स्ट मंडे'. आधी 'लास्ट', 'धिस' किंवा 'एव्हरी' असलं, तरी 'ऑन' नको.

खरी गंमत पुढेच आहे. समजा, तापामुळे तुमची सोमवारची शाळा बुडाली. चिठ्ठीत 'आय वॉज ॲबसेंट ऑन मंडे' लिहिलंत, तर ठीक. पण 'आय ॲम ॲबसेंट ऑन मंडेज' लिहिलंत, तर अर्थ होईल, 'मी दर सोमवारी गैरहजर असतो'! बाई काय म्हणतील बरं?

वाराचं पहिलं अक्षर नेहमी कॅपिटल, अगदी वाक्याच्या मधे आलं तरी. 'वेन्सडे'तला पहिला 'डी' बोलायचा नाही, पण लिहायला विसरायचं नाही.

आता सांगा पाहू :
१) बुधवारी संध्याकाळी
२) गेल्या शुक्रवारी
३) दर रविवारी

(आईबाबांनी तपासण्यासाठी उत्तरं : १) ऑन वेन्सडे ईव्हनिंग २) लास्ट फ्रायडे ३) ऑन संडेज किंवा एव्हरी संडे.)