भरतीनंतरची धाव

जाफराबादच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. नोकरी लागली की बहुतेकांचे धावणे थांबते. अविनाश साबळेचे खरे धावणे मात्र नोकरी लागल्यावरच सुरू झाले.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या कष्टकरी घरातला हा मुलगा शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल तुडवी. बारावीनंतर तो फौजेत गेला, तोही महार रेजिमेंटमध्ये. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४१ साली उभ्या राहिलेल्या पलटणीत! सियाचीनच्या बर्फात, राजस्थानच्या वाळूत त्याने पहारा दिला. २०१५ मध्ये तो लष्कराच्या शर्यतीत उतरला. पुढे ३००० मीटर स्टीपलचेस हा प्रकार धरला. त्यात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात.

२०१८ साली त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अवघ्या ०.०५ सेकंदाने सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णही आले.

बंधूभगिनींनो, मुलगा-मुलगी भरती झाली की पेढे जरूर वाटा. पण त्यांचे बूट माळ्यावर टाकू नका. पलटणीत मैदान असते, प्रशिक्षक असतो. तिथे पुढची धाव मागून घ्यायला त्यांना सांगा.