बारा तारा आणि एक आक्षेप

रिकनबॅकर कंपनीच्या ३६०/१२ या बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारविषयी एक आक्षेप जाणकारांकडून वारंवार घेतला जातो: तिला म्हणे एकच आवाज आहे. काहीही वाजवा, ती आपली १९६५ सालात जाऊन बसते. तेव्हा संग्राहकाने ती जपून ठेवावी, वादकाने एखादे 'तटस्थ' वाद्य घ्यावे. साहित्याच्या वर्गात आयुष्य काढणाऱ्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. आशय आधी सिद्ध असतो आणि घाट म्हणजे तो ओतायचे भांडे, हेच ते जुने प्रमेय.

या गिटारीच्या घाटात काय घडते ते पाहावे. बारा तारांच्या सहा जोड्या. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार मूळ सुराची आणि दुसरी वरच्या सप्तकातली. उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात. बहुतेक बारा-तारी गिटारींवर हात खाली येताना आधी वरच्या सप्तकाची बारीक तार छेडली जाते. रिकनबॅकरने हा क्रम उलटवला. आधी जाड तार, म्हणजे सुराचा पाया पहिल्यांदा लागतो आणि लकाकी त्याच्या पाठोपाठ येते. हा कारागिराचा निर्णय आहे. वादकाचा 'आशय' अजून दारातही आलेला नाही.

पण म्हणून आवाज लाकडातच दडलेला असतो, असे मानणेही भाबडेपणाचे. जॉर्ज हॅरिसनला ही गिटार १९६४च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये मिळाली. त्याच वर्षीच्या 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटात ती पाहून रॉजर मॅग्विनने स्वतःसाठी एक घेतली. 'द बर्ड्स'च्या १९६५च्या 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन'मधला तो घंटानाद एकट्या गिटारीचा नाही. बॅन्जोवर तयार झालेली मॅग्विनची बोटे त्यात आहेत आणि स्टुडिओतला कॉम्प्रेसरही. आवाजाचे चढउतार दाबून विझत जाणारा सूर त्यानेच लांबवला.

आता 'एकच आवाज' म्हणणाऱ्यांनी १९६६चे 'एट माइल्स हाय' ऐकावे. वादक तोच, गिटार तशीच. कॉल्ट्रेनचा सॅक्सोफोन आणि रविशंकरांची सतार कानांत भरून घेतलेला मॅग्विन येथे अडखळत, तुटत, पुन्हा उसळत वाजवतो. घंटानाद कुठे गेला? तो आहेच, फक्त त्याच्याशी आता झटापट चालली आहे. तटस्थ वाद्यावर ही झटापट कोणाशी करणार?

राहता राहिले संग्राहक. आक्षेपकांशी त्यांचे भांडण नाहीच. दोघांच्याही मते या वाद्याचे बोलणे संपलेले आहे. मालकी मात्र वाजवणाऱ्यालाच महाग पडते. बारा तारा सुरात लावायच्या. गळा अरुंद, बोट जरा सरकले की शेजारची जोडी मुकी होते. तिसऱ्या जोडीतली वरच्या सप्तकाची तार सर्वांत बारीक, ती ऐन वेळी तुटते. मग नवी चढवायची, आणि तिच्या ताणाने उतरलेल्या बाकीच्या अकरा पुन्हा लावायच्या.