आकाशातील तारघर कोणाचे?

पोस्टकार्ड मुंबईहून ठाण्याला धाडा की गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर, त्याची किंमत एकच. पाड्यावर पत्र पोचवण्यास खर्च कितीतरी अधिक येतो, तरी टपालखाते दोघांकडून सारखेच पैसे घेते. हाच न्याय एकेकाळी आकाशातही चालत होता.

विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाला एका प्रदक्षिणेस पृथ्वीच्या एका स्वांगपरिभ्रमणाइतकाच वेळ लागतो. म्हणून तो आपल्याला एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. तेथून पृथ्वीचा एकतृतीयांशाहून अधिक पृष्ठभाग दिसतो. असे तीन उपग्रह बसवले तर ध्रुवांजवळचे प्रदेश सोडून सारे जग जोडता येईल, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्येच मांडले होते.

ही कल्पना व्यवहारात आणली ती इंटेलसॅटने. १९६४ साली अनेक देशांनी मिळून ही संस्था स्थापन केली. एप्रिल १९६५ मध्ये तिचा पहिला उपग्रह ‘अर्ली बर्ड’ अटलांटिक महासागरावर गेला. त्यावरून एका वेळी २४० दूरध्वनी संभाषणे किंवा दूरचित्रवाणीचा एक कार्यक्रम पाठवता येई. जुलै १९६९ च्या आरंभी हिंदी महासागरावरील उपग्रहाने साखळी पूर्ण केली. त्याच महिन्यात चंद्रावर उतरलेला माणूस जगातील कोट्यवधी लोकांनी घरबसल्या पाहिला. पुढे पुणे जिल्ह्यात आर्वी येथे विक्रम साराभाईंच्या नावाचे भूकेंद्र उभे राहिले आणि लघुलहरींच्या खरखरीतून परदेशी बोलणाऱ्या भारतीयांना स्वच्छ आवाज ऐकू येऊ लागला.

इंटेलसॅट हा धर्मादाय कारभार नव्हता. सभासद देश भांडवल घालत, भाडे देत आणि नफ्यात वाटा घेत. पण एकाच प्रकारच्या सेवेला जगभर एकच दर होता. अटलांटिकवरच्या गजबजलेल्या मार्गाची कमाई दूरच्या बेटांच्या तुरळक संभाषणांना हात देत असे.

मग काळ बदलला. १९८८ साली अटलांटिकच्या तळाशी प्रकाशतंतूंची पहिली केबल पडली. त्याच वर्षी एका खाजगी कंपनीचा प्रतिस्पर्धी उपग्रहही वर गेला. केबल आणि स्पर्धा यांमुळे दर उतरले, हे नाकारण्याचे कारण नाही. शेकडो सरकारी प्रतिनिधींच्या संमतीने चालणारी संस्था या शर्यतीत संथ पडणार, हेही उघड होते. २००१ मध्ये इंटेलसॅट खाजगी कंपनी झाली. २०२० मध्ये कर्जाच्या ओझ्यामुळे तिने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला, २०२२ मध्ये ती त्यातून बाहेर आली आणि जुलै २०२५ मध्ये लक्झेंबर्गच्या एसईएस कंपनीने ती विकत घेतली.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. उपग्रह कंपनीचा असतो, हे खरे. पण तो ज्या कक्षेत बसतो ती कोणी बांधलेली नाही. भूस्थिर कक्षा एकच आहे, तिच्यातील सोयीच्या जागा मोजक्या आहेत आणि लहरींचे पट्टेही मर्यादित आहेत. नदी गावाची असते, पंप कोणाचाही असो. म्हणूनच खाजगीकरणाच्या वेळी देशांनी एक छोटी आंतरसरकारी संघटना मागे ठेवली. साऱ्या जगाला जोडणे, भेदभाव न करणे आणि गरीब, एकाकी देशांची जीवनवाहिनी न तोडणे, या अटींवर तिने लक्ष ठेवावे असे ठरले.

आमचे मत असे की, अशी अट ही कंपनीवर मेहेरबानी म्हणून सोडण्याची गोष्ट नव्हे. ते सार्वजनिक जागेचे भाडे आहे. मालक बदलो, कर्ज वाढो, ते भाडे चुकता कामा नये. वादळात केबल तुटलेल्या बेटाला नेमक्या त्याच दिवशी उपग्रह हवा असतो आणि त्या दिवशी तेथे नफा नसतो.

आज पृथ्वीजवळच्या कक्षांत खाजगी उपग्रहांचे थवेच्या थवे फिरत आहेत. त्यांच्या वेगाचे कौतुक जरूर करा. पण सोबत एवढेही विचारा : जिथे गिऱ्हाईक थोडे आहे, तिथे ही सेवा कोणत्या दराने मिळते आणि तो दर ठरवतो कोण? उद्या हे उपग्रह आणि त्यांचे नियम तुमच्यापैकीच कोणीतरी घडवणार आहे.