नाडी बघितल्याशिवाय नाही
लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याचे लिलाव भरात, आणि नेमका या आठवड्यात शेजारच्या खळ्यावरचा हिशेबाचा जुना डेस्कटॉप मुका झाला. “मदरबोर्ड गेला, भंगारात द्या,” असा निकाल चहा संपायच्या आत लागला. मी मल्टिमीटर घेऊन गेलो. वाचकहो, नाडी बघितल्याशिवाय कुणी माणसाला तिरडीवर ठेवतं का? आधी भिंतीतलं सॉकेट आणि केबल तपासली. मग वीज बंद करून एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, 24 पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढला, भार म्हणून एक जुनी हार्ड डिस्क जोडली, हिरवी तार काळीला टेकवली आणि वीज दिली. पंखा फिरला, पण पिवळ्या तारेवर 12 ऐवजी 10.8 व्होल्टच भरले, आणि 11.4 च्या खाली तर चालतच नाही. पंखा फिरतो म्हणजे सप्लाय धडधाकट, हा समज साफ खोटा आहे. डबा मात्र उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. नवा एसएमपीएस लावला आणि पडद्यावर कालची हिशेबपट्टी उमटली. मोजल्याशिवाय कोणत्याही यंत्राला मेलेलं म्हणणं हा अन्यायच आहे.