पनवेलचे वसतिगृह : आधी खाट, मग बाक (थ्रेड)

१/ विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न आजच्या महागाईने निर्माण केला, असा समज रूढ आहे. ‘मुले अधिक, खोल्या कमी, भाडे वाढणारच’ एवढे म्हणून तो बाजाराच्या हवाली केला जातो. हा समज चुकीचा आहे, आणि त्याचे खंडन करण्यासाठी पनवेलची वेस ओलांडण्याचीही गरज नाही.

२/ १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. अस्पृश्य समाजातील माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी मुंबई सरकारच्या मंजुरीने जी वसतिगृहे चालली, त्यांत पुणे, नाशिक, ठाणे, धारवाड यांच्या पंक्तीत पनवेल होते. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. याच जिल्ह्यात, महाडला, आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता.

३/ सत्याग्रहाची आठवण दरवर्षी होते, वसतिगृहाची क्वचितच. वास्तविक दोन्ही एकाच लढ्याचे भाग होते. खेड्यातील प्राथमिक शाळा संपली की पुढील शिक्षण तालुक्याच्या गावी. तेथे अस्पृश्य मुलाला पैसे मोजूनही खोली मिळण्याची शक्यता नव्हती. मग फी माफ असून उपयोग काय? स्वतः आंबेडकरांना १९१७ मध्ये, कोलंबियात शिकून आल्यावरही, बडोद्यातील पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले होते. पदवी हाती असलेल्या माणसाची ही गत, तर चौदा वर्षांच्या पोराची काय कथा!

४/ हे सूत्र त्यापूर्वीच कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी ओळखले होते. राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह आधी निघाले होते. काही वर्षांतच त्यात केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. दारावर मज्जाव नव्हता, तरी इतरांना आत जागा नव्हती. या अनुभवातून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत समाजांची वसतिगृहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग.

५/ ‘जातवार वसतिगृहांनी जातीच पक्क्या केल्या’ हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. परंतु त्याचे उत्तरही याच परंपरेत आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळाले. तेथील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रदेखील मोडले. पुढे शेकडो शाळा चालवणाऱ्या रयत शिक्षण संस्थेची ताकद वर्गांइतकीच या पंगतीत होती.

६/ आता आजचे पनवेल. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पनवेल, उरण आणि ठाणे परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. ज्या भूमीची किंमत अशी मोजली गेली, तिच्यावर नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर येथे महाविद्यालये उभी राहिली. कोणत्या अभ्यासक्रमाला किती जागा, हे शासन ठरवते. त्या जागांवर येणारी मुले रात्री कोठे झोपतील, हे मात्र वैद्यकीयसारखे अपवाद सोडले तर संस्थेच्या मर्जीवर सोडलेले आहे.

७/ मग मुले गावठाणातील चाळी आणि कॉट बेसिसच्या खोल्या धुंडाळतात. डिपॉझिट, दलाली, अकरा महिन्यांचा करार. आणि या सर्वांच्या आधी आडनावाची चौकशी. ‘बॅचलर नको’, ‘मांसाहारी नको’ या वाक्यांच्या आड काय विचारले जाते, हे खोली शोधणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘बाजार सर्वांना खुला आहे’ म्हणणाऱ्यांनी राजाराम महाविद्यालयाचे ते खुले वसतिगृह आठवावे.

८/ शासन म्हणेल, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. योजना आवश्यक आहे, यात शंका नाही. पण तिच्या ठरावीक आकड्यांत मुंबई-पुण्यासारख्या सर्वांत वरच्या गटातील शहरांसाठीही निवासाचा भत्ता वर्षाला २०,००० रुपये. दहा महिन्यांचे सत्र धरले तर महिना २,०००. अटल सेतू झाला, विमानतळ आला. एवढ्या रकमेत पनवेल परिसरात काय मिळते, हे ठरवणाऱ्यांनी एकदा दलालाकडे जाऊन विचारावे. शिवाय खोली घेताना डिपॉझिट पहिल्याच दिवशी मोजावे लागते. भत्ता मागाहून येतो.

९/ लंडनमध्ये विद्यार्थी असताना आंबेडकर ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये कोट्यवधी रुपये मोजून विकत घेतले. योग्यच केले. पण ज्याने पनवेलमध्ये वसतिगृह चालवले, त्याच्या भाड्याच्या घराचे स्मारक करणाऱ्या शासनाने पनवेलच्या विद्यार्थ्याला भाड्याच्या बाजारात सोडून द्यावे, ही विसंगती बोलून दाखवली पाहिजे.

१०/ मागणी साधी आहे. सिडकोने वा महापालिकेने यापुढे शिक्षणसंस्थेला भूखंड देताना प्रवेशक्षमतेच्या प्रमाणात खाटांची अट करारात घालावी, त्यांचे शुल्क सार्वजनिक करावे, आणि ज्या संस्थांना जुने भूखंड मिळाले आहेत त्यांच्याकडे आज किती खाटा आहेत, त्याची यादी प्रसिद्ध करावी. १९२८ मध्ये परकीय सरकारकडून वसतिगृहांची मंजुरी मिळवता आली होती.