गाठ म्हणजे टीबीच?

ब्रिस्टलमधल्या आपल्यापैकी कुणाच्या तीन वर्षांच्या पोराच्या मानेत गाठ आली, की सांगलीहून फोन ठरलेला: "गंडमाळा आहे ती, टीबीच्या गोळ्या सुरू करा. कापू मात्र देऊ नका!"

मंडळी, हे फोनवरचे उपचार बंद करा. (मी डॉक्टर आहे तो पीएचडीवाला, पण वाचता येतं.) भारतात ही गाठ बहुधा टीबीचीच, तिला कित्येक महिने गोळ्या हव्यात. इथल्या लहानग्यांत मात्र बऱ्याचदा मातीपाण्यातले टीबीचे चुलतभाऊ निघतात. ते एका पोराकडून दुसऱ्याकडे जात नाहीत आणि टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना फारसे जुमानत नाहीत. हॉलंडमध्ये अशा १०० मुलांवर चाचणी झाली, २००७ साली प्रसिद्ध झाली. गाठ अख्खी काढलेली ९६ टक्के मुलं बरी झाली, प्रतिजैविकांवरची ६६. चेहऱ्याच्या नसेला धोका असतो, हे खरं. पण नुसती चीर देऊन पू काढला, तर जखम महिनोन्‌महिने वाहू शकते.

उलट, इथला डॉक्टर "टीबी नसेल" म्हणाला तर मान डोलावू नका. पोर दोन महिने आजीकडे राहून आलंय, आजोबा खोकत होते, हे आपणच सांगायचं. नमुना घेऊ द्या. कल्चरला आठवडे लागतात. आधीच गोळ्या चारल्या तर त्यात काही उगवेलच असं नाही. मग सांगलीला काय सांगणार?