पथ्याची भाषा

‘पथ्य’ हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे मार्ग यापासून झाला आहे. जें मार्गाला सोडून जात नाहीं तें पथ्य. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन घरीं परतणाऱ्यास हा मार्ग सांगणारा कागद रुग्णालयांतून मिळतो. परंतु त्या कागदाची भाषा स्वयंपाकघराला कळतेच असें नाहीं.

‘हिरव्या भाज्या भरपूर खाव्या’ हा नेहमींचा उपदेश घ्या. कर्जत-खालापूरकडील ठाकुरवाड्यांच्या आसपास पाऊस पडतांच टाकळा, कुर्डू, भारंगी उगवतात. तेथील बाया त्या खुडून बाजारांत आणतात आणि आपल्याही घरीं त्यांचें कौतुक होतें. पुष्कळांस त्या हितकरच आहेत. परंतु ज्याच्या हृदयांत यांत्रिक झडप बसविली आहे, त्याची गोष्ट निराळी. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनें घडविलेली झडप १९९० सालीं प्रथम रोग्यास बसविण्यांत आली, ती याच जातीची. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरूं नये म्हणून वॉरफॅरिनसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि पालेभाज्यांतील के-जीवनसत्त्व त्या गोळीचा जोर कमी करतें. उन्हाळाभर पाला न खाणारा रोगी आषाढांत रोज ताटभर टाकळा खाऊं लागला, तर गुठळीचें भय. आणि नित्य खाणाऱ्यानें तो एकाएकीं सोडला, तर रक्तस्रावाचें. तेव्हां येथें ‘नित्य सारख्या मापानें’ हेंच पथ्य. आहार बदलण्यापूर्वीं डॉक्टरांस सांगावें व आय.एन.आर. ही रक्ततपासणी करून घ्यावी. गोळीचें प्रमाण आपल्या मनानें बदलूं नये.

दुसरा उपदेश ‘मीठ कमी’. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें दिवसाला ५ ग्रॅमहून, म्हणजे सपाट चमचाभराहून, कमीच मीठ खावें. आपल्याकडे आमटी अळणी होते, पण लोणचें-पापड पानांत तसेच राहतात आणि सैंधव निर्दोष मानलें जातें. वास्तविक सैंधव हेंही बहुतांशीं तेंच मीठ होय. मासे खाणाऱ्या घरीं हीच चूक खाऱ्या मासळीच्या रूपानें होते.

जखम भरून येण्यास पोटभर व प्रथिनयुक्त अन्न लागतें. डॉक्टरांची मनाई नसेल, तर नाचणीची भाकरी, मुगाचें वरण व अळणी ताक यांवर उत्तम निभाव लागतो. मात्र या दिवसांत उपासतापास दूर ठेवावे.

यास्तव रुग्णालयांतून निघतांना घरांत रांधणाऱ्या व्यक्तीलाही आहारतज्ज्ञांसमोर न्यावें, आपल्या भाज्यांचीं नांवें सांगावीं, वाटीचें माप विचारून घ्यावें. आणि रोग्यासाठीं निराळी वाटी न मांडतां सर्वांचीच आमटी कमी मिठाची करावी. एकत्र कुटुंबांत एकट्यानें पाळलेलें पथ्य फार दिवस टिकत नाहीं.